मालवणात राहणाऱ्या आईला आमवात (रुमेटॉइड) आहे, आता साखरही वाढली. मासे-भात बंद करायचा का?

मासे बंद करू नका. बांगडा, तारली तर खायलाच हव्यात, फक्त तळून नको, तिखल्यात किंवा कालवणात. भात मात्र निम्म्यावर आणा आणि सुकी मासळी, खारं कमी करा, रक्तदाबासाठी. पण दोष सगळा भाताच्या माथी मारू नका. आमवातातली सूज सांध्यांपुरती राहत नाही. तिच्यामुळे इन्सुलिनचा परिणाम कमी होतो. त्यात प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइडची गोळी सुरू असेल तर साखर आणखी चढते. सकाळी घेतलेल्या गोळीचा परिणाम दुपारनंतर दिसतो, म्हणून उपाशीपोटीची साखर चांगली येते आणि घरचे निर्धास्त होतात. दुपारच्या जेवणानंतर २ तासांनी तपासा. कोलेस्टेरॉल, रक्तदाबही बघून घ्या: युलार ही युरोपीय संधिवात संघटना आमवाताच्या रुग्णांचा हृदयविकाराचा अंदाजित धोका १.५ ने गुणायला सांगते. आणि आई मशेरी लावत असेल तर ती आधी सुटू दे.

एक मात्र लक्षात ठेवा, साखर वाढली म्हणून स्टेरॉइड स्वतःहून एकदम बंद करायचं नाही, ते धोक्याचं असतं. डोस डॉक्टरच हळूहळू उतरवतील. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आहाराचं वरचं गणितही त्यांनाच विचारून ठरवा.