मुंबईहून चिखलदरा आणि मेळघाटची सफारी ३ दिवसांत होईल का?

होईल, पण ३ दिवस तिथले धरा आणि जाता-येता गाडीतल्या २ रात्री वेगळ्या. माझं माहेर परतवाड्याचं, म्हणून हा रस्ता पाठ आहे. सीएसएमटीहून रात्रीची अमरावती एक्सप्रेस पकडा, सकाळी अमरावतीत उतराल. तिथून परतवाड्यामार्गे चिखलदरा साधारण ८०-८५ किलोमीटर. परतवाड्यानंतर घाट लागतो. एसटी मिळते, पण सफारी करायची तर अमरावतीहूनच गाडी ठरवा, वर आयत्या वेळी शोधाशोध नको.

पहिला दिवस गावातच घालवा: भीमकुंड, देवी पॉइंट. (भीमाने कीचकाला मारून इथल्या दरीत फेकलं, म्हणून कीचकदरा आणि त्याचं चिखलदरा, असं सांगतात.) दुसऱ्या दिवशी सेमाडोह-कोलकासकडे सफारी, तिसऱ्या दिवशी सकाळी गाविलगड. गडाला घाईत उरकू नका, १८०३ च्या लढाईचा हा किल्ला अर्धा दिवस मागतो.

एकच अडचण आहे. चिखलदरा सगळ्यात सुंदर दिसतो पावसाळ्यात, आणि नेमकं तेव्हाच मेळघाटातल्या गुगामल राष्ट्रीय उद्यानाच्या गाभ्यातली सफारी बंद असते. दोन्ही हवं असेल तर दिवाळीनंतर जा. वन विभागाच्या संकेतस्थळावर सफारीचं बुकिंग करूनच रेल्वेचं तिकीट काढा. आणि फक्त वाघासाठी जात असाल तर ताडोबा बरा. मेळघाट डोंगराळ, दाट सागाचं जंगल आहे, वाघ सहज दिसत नाही. रानगवा, अस्वल आणि ते जंगल, यांसाठी जा.