शिकवताहेत की राबवताहेत?

आयटीआयमध्ये फिटर ट्रेडचा शिल्प निदेशक म्हणून माझी नोकरी झाली. निवृत्त झालो तरी पत्रं थांबत नाहीत, आणि निकालाच्या हंगामात तर रोज चार येतात. त्यातली काही निवडून उत्तरं देतो.

मुलाला दहावीत 71 टक्के आहेत आणि तो आयटीआयला जायचं म्हणतोय. "तिथं नापासांची पोरं जातात" असं भावकीत बोलतात. डिप्लोमाला घालावं का? – एक वडील, बार्शी

विहिरीवरची मोटर जळली की हीच भावकी रिवाइंडिंगवाल्याच्या दारात उभी असते. त्यामुळे ते बोलणं सोडून द्या. प्रश्न टक्क्यांचा नाही, मुलाच्या हाताचा आहे.

माझ्या वर्गात नव्या पोराला पहिल्या आठवड्यातच लोखंडाचा चौकोनी तुकडा आणि कानस मिळायची. व्हाइसमध्ये धरून घासायचं, गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावून उजेडाकडे धरायचं. फटीतून उजेड दिसला की पुन्हा घासायचं. दुसऱ्या दिवशी तळहाताला फोड यायचे. चौथ्या दिवशी काही पोरं दांडी मारायची, आणि काही जेवणाच्या सुट्टीतसुद्धा तो तुकडा हातातून सोडायची नाहीत. ही दुसरी पोरं पुढे कुठेही अडली नाहीत, दहावीत कितीही टक्के असोत.

तेव्हा मुलाला घेऊन जवळच्या आयटीआयत जा, ओळख काढा आणि तासभर वर्कशॉपमध्ये उभे राहा. आवाज, तेलाचा वास, उभं राहून काम, हे सगळं त्याला बघू द्या. मन रमलं तर फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन असा दोन वर्षांचा ट्रेड घ्या. वेल्डरचा एक वर्षाचा आहे आणि तोही चांगला चालतो. आयटीआयनंतर कंपनीत एक वर्ष अप्रेंटिसशिप, म्हणजे शिकाऊ उमेदवारी करायची, म्हणजे हात पक्का होतो. डिप्लोमाचा रस्ताही बंद होत नाही. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड पास झालेल्याला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. असे दोन्हीकडून आलेले पोरगे सुपरवायझर झाले की त्यांना कामगार फसवू शकत नाहीत.

मी फिटर पास आहे. कंत्राटदारामार्फत एका कंपनीत 'ट्रेनी' म्हणून लागलो. सात महिने एकाच प्रेसवर ब्रॅकेट मारतोय. टार्गेटच्या वर नग काढले तर नगावर पैसे मिळतात, ओव्हरटाइमही असतो. ही अप्रेंटिसशिपच ना? – चाकण

नाही रे बाबा. तू लिहिलंस त्यातच उत्तर आहे.

शिकाऊ उमेदवार अधिनियम 1961 चा आहे. त्यात साफ म्हटलंय की अप्रेंटिसला नगावर पैसे द्यायचे नाहीत आणि उत्पादनाच्या बोनस योजनेत ओढायचं नाही. शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या, म्हणजे त्या कायद्याखालच्या सरकारी अधिकाऱ्याच्या मंजुरीशिवाय ओव्हरटाइमही लावता येत नाही, आणि ती मंजुरीसुद्धा शिकण्याच्या किंवा सार्वजनिक हिताची असेल तरच. कारण सरळ आहे. नगावर पैसे लागले की पोरगं शिकायचं सोडून नगच मोजत बसतं. तुझं तेच झालंय.

खऱ्या अप्रेंटिसशिपची पहिली खूण म्हणजे करार. तो तुझ्या आणि कंपनीच्या नावाने होतो आणि सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदला जातो. त्यावर ट्रेड, मुदत आणि विद्यावेतन लिहिलेलं असतं. शेवटी परीक्षा होते आणि नॅशनल अप्रेंटिसशिप सर्टिफिकेट मिळतं. गेटपासवर 'ट्रेनी' छापलं म्हणून हे काही होत नाही. कंत्राटदाराने दिलेलं अनुभवपत्र रेल्वेच्या किंवा सरकारी भरतीत अप्रेंटिसशिप म्हणून कोणी धरणार नाही.

आता काय करशील? एचआरकडे कराराचा नोंदणी क्रमांक लेखी माग. भांडू नकोस, फक्त माग. मिळाला नाही तर आयटीआयच्या आवारात बीटीआरआय केंद्र असतं, तिथे अप्रेंटिसशिपचंच काम चालतं. तिथे जाऊन कुठल्या कंपन्यांत फिटरच्या जागा आहेत ते विचार, आणि पोर्टलवर स्वतःचं नाव नोंदव. घरी पैशाची गरज असेल तर दुसरीकडे करार होईपर्यंत ही जागा सोडू नकोस. पण सात महिन्यांचे चौदा होऊ देऊ नकोस. प्रेसवरचा माणूस उद्या बदलता येतो. डाय (प्रेसमधला साचा) बसवणारा, ती का फुटली ते सांगणारा माणूस सहज बदलता येत नाही.

नव्या जागी पहिल्या दिवसापासून डायरी ठेव. आज कोणतं मशीन, कोणतं काम, काय चुकलं. पुढच्या मुलाखतीत सर्टिफिकेट सगळ्यांच्याच हातात असेल, डायरी दोघा-तिघांकडेच.

करारात 7000 लिहिलेत आणि कंपनीने 5500 च दिले. कंपनी पैसे खातेय का? – कोल्हापूर

बहुतेक नाही. राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, पण जास्तीत जास्त 1500 रुपये, केंद्र सरकार देतं आणि तो आता थेट उमेदवाराच्या खात्यात जातो. बाकीचे कंपनी देते. दोन्ही रकमा एकाच दिवशी येतात असं नाही. तुझं खातं आधारशी जोडलेलं आहे का ते आधी बँकेत जाऊन बघ. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

7000 हा आकडा 2019 च्या नियमांतला, आयटीआय पास उमेदवारासाठीचा. तो किमान आहे, कमाल नाही. चांगल्या कंपन्या त्यावर देतात, शिवाय कँटीन आणि बस. परगावी जायचं असेल तर विद्यावेतनाआधी याच दोन गोष्टी विचार. जेवण आणि बस कंपनीची असली तर पोरं निभावतात, नसली तर घरून पैसे मागवतात.

मी इलेक्ट्रिशियन ट्रेडला आहे. महावितरणमध्ये अप्रेंटिसशिप करायचीय. आई म्हणते, मुलीने खांबावर चढायचं का? – अचलपूर

आईला सांग, चढायचं. आणि शिडी लावून, हेल्मेट, हातमोजे आणि सेफ्टी बेल्ट घालूनच चढायचं. मुलग्यांनी या चारही गोष्टी पाळल्या असत्या तर मला दोन-तीन अंत्ययात्रांना जावं लागलं नसतं.

सरकारी आयटीआयत 30 टक्के जागा मुलींना राखीव आहेत. इलेक्ट्रिशियनला खांब हा एकच रस्ता नाही. पॅनेल बोर्ड बांधणी, मोटर वाइंडिंग, कारखान्यातला मेंटेनन्स ही कामं आहेत. पॅनेलच्या वायरिंगमध्ये माझ्या पाहण्यातल्या मुली मुलांपेक्षा नीटस काम करतात, हे पुरुष निदेशक सहसा बोलत नाहीत.

महावितरण इलेक्ट्रिशियन आणि वायरमन ट्रेडचे अप्रेंटिस घेते. पण ती नोकरी नव्हे. विद्युत सहायकाची जाहिरात वेगळी निघते आणि तिथे नव्याने अर्ज करावा लागतो. म्हणून तारतंत्री (वायरमन) परवान्याचे नियमही आत्ताच माहीत करून घे. तो हातात असला की भरतीच्या जाहिरातीची वाट बघत बसावं लागत नाही.

जागा निवडताना एक बघ. बायकांसाठी स्वच्छतागृह आहे का आणि शिफ्ट सुटल्यावर एसटी आहे का. आईची खरी काळजी ही असते, ती खांबाचं नाव पुढे करते.

अप्रेंटिसशिप संपल्यावर कंपनी कायम करतेच ना? – कल्याण

नाही. करारात तसं लिहिलेलं नसेल तर कंपनीवर बंधन नाही. मात्र इतर सगळं समान असेल तर थेट आलेल्यापेक्षा प्रशिक्षित अप्रेंटिसला प्राधान्य द्यावं, असं सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली एका निकालात म्हटलंय. रेल्वेच्या लेव्हल 1 (सगळ्यात खालच्या श्रेणीच्या) भरतीत अप्रेंटिसशिप पूर्ण केलेल्यांना 20 टक्के जागा असतात, पण परीक्षा द्यावीच लागते. कल्याणला राहतोस, माटुंगा आणि परळ वर्कशॉप लोकलच्या अंतरावर. तिथल्या अप्रेंटिस निवडीला दहावी आणि आयटीआयचे गुण धरतात. म्हणजे आयटीआयचे गुण गंमत म्हणून घेऊ नयेत.

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत आयटीआयवाल्याला 8000 मिळतात. मग 7000 ची अप्रेंटिसशिप का करावी? – परभणी

हजार रुपयांसाठी सर्टिफिकेट सोडू नकोस. ती योजना अप्रेंटिस कायद्याखालची नाही, तिच्या शेवटी ट्रेडची परीक्षा नसते. गावातच राहावं लागत असेल आणि जवळ कारखाना नसेल तर कर. एरवी आधी अप्रेंटिसशिप.

आमचं मशीनशॉप लहान आहे, 14 कामगार. अप्रेंटिस ठेवता येईल का? कटकट किती? – शिरोली एमआयडीसी

ठेवा. 30 किंवा जास्त माणसं असलेल्यांना बंधन आहे, 4 ते 29 वाल्यांना मुभा आहे. एकूण माणसांच्या 15 टक्क्यांपर्यंत घेता येतात, म्हणजे तुम्हाला दोन. त्यांना पीएफ, ईएसआय लागत नाही. पण अपघात झाला तर भरपाई तुमच्यावर आहे, तेव्हा मशीनचे गार्ड आधी बसवा, पोरं नंतर आणा.

एकाला लेथवर, एकाला मिलिंगवर आणि तीन महिन्यांनी अदलाबदल, असं वेळापत्रक भिंतीवर लावा. पहिल्या महिन्यात दोन-चार टॅप (आटे पाडायचं हत्यार) मोडतील, ते खर्चात धरून ठेवा. आणि चहा आणायला पाठवू नका. माझ्या मिस्त्रींनी ते काम माझ्याकडून वर्षभर करून घेतलं. त्या वर्षी मी मायक्रोमीटर कमी आणि किटली जास्त धरली.