कलमं शेवटच्या अर्ध्या तासात सांग

प्रिय,

शाळेतल्या माणसांसाठीच्या शनिवारच्या बालसुरक्षा प्रशिक्षणाची तुझी फाईल पाहिली. ४० पैकी २८ पानं पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या, कलमांची आहेत. कलमं अचूक आहेत, पण ती ऐकून उठलेल्या माणसाला उद्या मूल समोर आलं तर काय बोलायचं ते कळणार नाही. शाळेच्या हातून चुका होतात त्या मूल बोलल्यानंतरच्या पहिल्या दहा मिनिटांत. तेव्हा कलम आठवत नाही, तोंडात बसलेलं वाक्यच बाहेर पडतं. म्हणून तीन तासांतले दोन तास सरावाला दे.

त्याआधी बोलावणं कुणाकुणाला गेलंय ते बघ. यादीत नुसते शिक्षक दिसतात. मावशी, शिपाई, गेटवरचे रखवालदार, व्हॅनचे काका, पोषण आहार शिजवणाऱ्या ताई, कंत्राटावरचे क्रीडा प्रशिक्षक, एकाचंही नाव नाही. पहिलीतलं मूल स्वच्छतागृहाच्या दाराशी मावशींजवळ जे बोलून जातं, ते वर्गात बाईंना सांगेलच असं नाही. पोक्सोच्या २०२० च्या नियमांत पोलीस पडताळणी शिकवणाऱ्या-न शिकवणाऱ्या, कायम-कंत्राटी सगळ्यांचीच करायला सांगितली आहे. प्रशिक्षणालाही तोच हिशेब लाव. व्हॅनवाल्यांची तुकडी सकाळी मुलं सोडून झाल्यावर घे. एका तुकडीत २५ च्या वर माणसं नकोत.

मुलं ‘शोषण’ हा शब्द वापरत नाहीत, हे सगळ्यांना आधी ऐकव. ती म्हणतात, “मला त्या व्हॅननं नाही जायचं”, “शूच्या जागी दुखतंय”, “ते सर मला आवडत नाहीत”. काही मुलं तर बोलतच नाहीत. पाण्याची बाटली सकाळी भरून आणलेली संध्याकाळी तशीच भरलेली परत जाते, कारण पाणी प्यायलं की शाळेच्या स्वच्छतागृहात जावं लागतं. अशा एका खुणेवरून काही सिद्ध होत नाही. पाण्याला नळाचा वास येतो म्हणूनही बाटली भरलेली राहते. पण तारीख घालून टिपून ठेवायची आणि लक्ष ठेवायचं, एवढं तरी प्रत्येकाला जमलं पाहिजे. आणि मुलग्यांबद्दल वेगळं सांग. कायद्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक मूल येतं, तरी मुलगा काही बोलला की मोठी माणसं चेष्टेवारी नेतात.

आता सराव. तिघातिघांचे गट कर. एकाने आठ वर्षांचं मूल व्हायचं आणि चिठ्ठीवरचं एकच वाक्य बोलायचं. दुसऱ्याने तीन मिनिटं ऐकायचं. तिसऱ्याने काही न बोलता प्रश्न मोजायचे आणि ‘का’ने सुरू झालेल्या प्रश्नावर फुली मारायची. पहिल्या फेरीत “खरंच?”, “नक्की?”, “मग ओरडली का नाहीस?” हे येणारच. कुणाला रागावू नकोस. फुल्या दाखव आणि दुसरी फेरी घे.

वाक्यं मोजकीच दे. “सांगितलंस ते बरं केलंस.” “यात तुझी काही चूक नाही.” “मग काय झालं?” शेवटी, “ज्यांना सांगावं लागेल त्यांनाच सांगेन, बाकी कुणाला नाही.” ‘मी कुणालाच सांगणार नाही’ असं वचन द्यायचं नाही, कारण ते मोडावंच लागतं, आणि मोडलं की ते मूल पुन्हा तोंड उघडत नाही. बसायचं मुलाच्या उंचीला, दार न अडवता, इतरांना दिसेल पण ऐकू येणार नाही अशा जागी.

“अमक्या सरांनी हात लावला का?” असं विचारायचं नाही, यावर थोडं थांब. लहान मूल मोठ्यांच्या प्रश्नाला ‘हो’ म्हणून टाकतं. पुढे न्यायालयात उलटतपासणीत नेमकं हेच निघतं की हे नाव मुलाच्या तोंडी शिक्षकांनी घातलं. कोण, काय, कुठे, साधारण कधी, एवढं मुलाकडून आपसूक आलं की थांबायचं. तपास पोलिसांचं काम. वर्गशिक्षक, पर्यवेक्षक, मुख्याध्यापक, मग संस्थेचे पदाधिकारी अशी चार माणसं मुलाला तेच तेच विचारतात, त्यात सांगण्यातले तपशील हलतात आणि मूल खोटं ठरतं. शाळेत मुलाने एकदाच सांगायचं, हा नियम फळ्यावर लिही.

नोंद त्याच तासात करायची. शब्द मुलाचे, जसेच्या तसे. ‘शूची जागा’ म्हणालं असेल तर तेच लिहायचं. आपण विचारलेला प्रश्नही लिहायचा. तारीख, वेळ, जागा, सही. आपलं मत त्यात नको. चुकलेल्या शब्दावर व्हाइटनर नको, एक रेघ मारून पुढे लिहायचं. कागद बंद पाकिटात, कुलपात. शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक अक्षरही नाही, जखमेचा फोटो स्वतःच्या मोबाइलवर नाही. घटना ताजी असेल तर मुलाचे कपडे बदलायचे नाहीत, धुवायचे नाहीत. वैद्यकीय तपासणी गुन्हा नोंदवलेला नसतानाही होऊ शकते, हे पालकांना सांगायला शिकव.

मग फोन. इथे कायदा सांग, आणि ठासून सांग. कलम १९ प्रमाणे गुन्हा झाल्याचं कळलं किंवा होईल अशी भीती वाटली, तरी स्थानिक पोलीस ठाण्याला किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवायचंच आहे. खात्री करून घ्या असं कुठेही म्हटलेलं नाही. हे कर्तव्य ज्याला कळलं त्याचं स्वतःचं आहे. ‘मुख्याध्यापकांच्या कानावर घातलं’ म्हणून ते संपत नाही. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. पोलिसांनी २४ तासांत बाल कल्याण समितीला (मुलाच्या संरक्षणाचे निर्णय घेणारी सरकारी समिती) आणि विशेष न्यायालयाला कळवायचं असतं. मुलाचा जबाब घ्यायला अधिकारी गणवेशात येत नाहीत, आणि तो घरी किंवा मूल म्हणेल तिथे घेतला जातो. पालक पोलीस ठाण्याच्या नावाने बिचकतात, त्यांना हे ऐकून धीर येतो. नंबर दोनच पाठ करून घे: १०९८ (मुलांसाठीची मदतवाहिनी) आणि ११२ (पोलीस आणि तातडीची मदत). संशय घरातल्याच माणसावर असेल तर घरी फोन करण्याआधी पोलिसांशी किंवा बाल कल्याण समितीशी बोलायचं.

‘आधी संस्थेत चौकशी करू’ हे वाक्य तुला शनिवारी नक्की ऐकू येईल. ते म्हणणारी माणसं वाईट नसतात, शाळेच्या नावाला जपत असतात. त्यांना राजुऱ्याचं प्रकरण सांग. चंद्रपूर जिल्ह्यातल्या या गावच्या एका शाळेच्या वसतिगृहातल्या मुलींवर अत्याचार झाले, माहिती असून न कळवल्याचा आरोप एका डॉक्टरांवर होता, आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्यावरचा रद्द झालेला गुन्हा पुन्हा उभा केला. बदलापूरच्या शाळेतल्या लहान मुलींवरचा अत्याचार तर सगळ्यांच्या लक्षात आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये लोक रेल्वे रुळांवर उतरले, आणि न कळवल्याबद्दल शाळेच्या व्यवस्थापनावरही गुन्हा दाखल झाला.

पुरुष शिक्षक खोट्या तक्रारीची भीती बोलून दाखवतील. ती उडवून लावू नकोस. सद्हेतूने माहिती देणाऱ्यावर कारवाई होत नाही. मुद्दाम खोटी तक्रार करणाऱ्या मोठ्या माणसाला कलम २२ खाली शिक्षा आहे, मुलाला नाही. पाठोपाठ रोजचे नियम सांग: एकट्या मुलाशी बोलताना दार उघडं, मुलाचे ओले झालेले कपडे बदलताना दुसरं मोठं माणूस नजरेच्या टप्प्यात.

मारहाण, उपासमार, ठरवलेला बालविवाह यांचे रस्ते थोडे वेगळे आहेत. १०९८ तिथेही चालतो. शाळेतली छडी शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने बंद आहे, एवढं सांगून पुढे जा. मार्च २०२२ च्या शासन निर्णयातली, मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती शाळेत कागदावरच असेल तर तिच्या सदस्यांना त्याच दिवशी सगळ्यांसमोर उभं करून चेहरे दाखव.

एक मात्र विसरू नकोस. समोर बसलेल्यांपैकी कुणाच्या तरी स्वतःच्या लहानपणी हे घडलेलं असू शकतं. सुरुवातीलाच सांग की मध्ये उठून बाहेर गेलं तरी चालेल, का गेलात ते कुणी विचारणार नाही. बाहेर पाणी आणि एक समजूतदार माणूस ठेव.

दिवाळीच्या सुट्टीनंतर ४५ मिनिटांची उजळणी लाव, आणि मध्ये नवा माणूस आला तर त्याच आठवड्यात त्याचा सराव घे. महिनाभराने गेटवर जाऊन रखवालदारांना सहज विचार, “एखाद्या पोराने असं काही सांगितलं, तर काका, पहिला फोन कुणाला?” ते शिक्षकांच्या खोलीकडे बघायला लागले, तर त्यांची तुकडी पुन्हा घे.

तुझ्या फाईलची वाट बघतोय. या वेळी चिठ्ठ्यांवरची वाक्यं आधी पाठव, स्लाइड नंतर.