ग्रीक पुराणकथा स्त्रियांच्या नजरेतून सांगणं हे आजचंच फॅड आहे का?

अजिबात नाही. इ.स.पूर्व 415 मध्येच ग्रीक नाटककार युरिपिडीसने ‘ट्रोजन विमेन’ रंगमंचावर आणलं. ट्रॉयचं युद्ध संपलंय आणि हरलेल्या ट्रॉयची राणी हेक्युबा, तिची सून अँड्रोमाकी यांची गुलाम म्हणून वाटणी चाललीय, असं ते नाटक. पुढे रोमन कवी ओव्हिडने पेनेलपी, मेडिया अशा ग्रीक पुराणकथांतल्या स्त्रियांच्या तोंडी पत्रंच लिहिली.

खरं तर मूळ काव्यातच ठिणगी आहे. होमरच्या ‘इलियड’ या ट्रॉयच्या युद्धावरच्या महाकाव्यात जिच्यावरून ग्रीक वीर अकिलीस लढाई सोडून बसतो, ती युद्धबंदी ब्रिसेइस एकदाच बोलते, 19व्या सर्गात, अकिलीसचा जिवलग मित्र पट्रोक्लसच्या प्रेतापाशी. तिचा नवरा अकिलीसनेच मारलेला, तिन्ही भाऊही गेलेले. आणि ‘अकिलीसशीच तुझं लग्न लावून देईन’ ही पट्रोक्लसने घातलेली समजूत आठवून ती आक्रोश करते. अंगावर काटा येतो. स्त्रियांच्या नजरेतून लिहिलेल्या नव्या कादंबऱ्या जरूर वाचा, पण आधी हा उतारा वाचाच.