एवढा हुशार आहे, मग गोळ्या कशाला?

न्यू जर्सीहून एका आईचं पत्र आलंय. मुलगा अकरावीत, गणितात पहिल्यापासून पुढे. परीक्षेत उत्तम गुण मिळवतो, पण शाळेच्या पोर्टलवर दर आठवड्याला न दिलेल्या गृहपाठांची रांग. डॉक्टरांनी एडीएचडीचं, म्हणजे लक्ष टिकवणं आणि कामं पार पाडणं अवघड करणाऱ्या विकाराचं, निदान करून औषध सुचवलंय. बाबा म्हणतात, "मीही असाच होतो, काय बिघडलं?" पुण्याहून आजी म्हणतात, "एवढ्या हुशार पोराला गोळ्या कसल्या देता?"

आजींची काळजी खरी आहे. पण एडीएचडी बुद्धी बघून येत नाही. हुशार मुलं आठवीपर्यंत वर्गात कानावर पडलेल्यावर निभावून नेतात. पुढे एपीचे (शाळेतच शिकवले जाणारे कॉलेजच्या पातळीचे) विषय आणि महिनाभर चालणारे प्रोजेक्ट सुरू झाले, की काम वेळेत सुरू करणं आणि संपवून जमा करणं तिथे गाडी अडते. मुलींचं निदान तर आणखी लांबतं, कारण वर्गात गप्प बसून हरवलेल्या मुलीबद्दल शाळेतून फोन येत नाही. निदानासाठी काही लक्षणं बाराव्या वर्षाआधीपासून असावी लागतात, म्हणून जुन्या प्रगतिपुस्तकांतले शेरे डॉक्टरांना दाखवा. बाबांचं "मीही असाच होतो" हेही सांगा. एडीएचडीत आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो.

तुम्ही लिहिलंय की रात्री एक वाजेपर्यंत तुम्ही त्याच्या शेजारी बसता, तेव्हा कुठे निबंध पुरा होतो. मला गुणांपेक्षा हे महत्त्वाचं वाटतं. ते गुण दोघांचे आहेत, आणि दीड वर्षाने तो कॉलेजच्या डॉर्ममध्ये एकटा असेल.

औषध सुरू करणं म्हणजे जन्माची गाठ नव्हे. मिथाइलफेनिडेट किंवा अ‍ॅम्फेटामिन गटातल्या औषधाचा परिणाम त्याच दिवशी कळू शकतो. योग्य मात्रा सापडायला मात्र काही आठवडे लागतात. भूक कमी होते, झोप उशिरा येते, नाडी आणि रक्तदाब थोडे वाढतात. म्हणून घरात कुणाला हृदयविकार आहे का, तरुण वयात कुणी अचानक गेलंय का, हे डॉक्टरांना आपणहून सांगा. सकाळी आधी पोटभर नाश्ता, मग गोळी. मुलगा गप्प, निस्तेज वाटू लागला तर "औषध लागू पडलं" म्हणून समाधान मानू नका, डॉक्टरांना कळवा. मात्रा जास्त झालेली असू शकते. ही औषधं सोसली नाहीत तर अ‍ॅटोमॉक्सेटिनसारखी वेगळ्या प्रकारची आहेत, त्यांना गुण यायला काही आठवडे लागतात.

गोळी नियोजन शिकवत नाही, तेही शिकवावं लागतं. अमेरिकन बालरोग अकादमीच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचनाही औषधाच्या जोडीला प्रशिक्षण आणि शाळेतली मदत सुचवतात. शाळेकडे 504 प्लॅनसाठी, म्हणजे अशा अडचणी असलेल्या मुलांना शाळेत मिळणाऱ्या सवलतींच्या आराखड्यासाठी, लेखी अर्ज करा. "ग्रेड चांगले आहेत" एवढ्यावरून शाळा नकार देऊ शकत नाही. कॉलेज प्रवेशाच्या एसएटी परीक्षेत जादा वेळ हवा असेल तर ती घेणाऱ्या कॉलेज बोर्डाची मंजुरी वेगळी लागते. तो अर्ज लवकर करा.

तुमच्या पत्रात आजी आहेत, बाबा आहेत, डॉक्टर आहेत. मुलाला काय वाटतं, ते मात्र कुठेच नाही. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला न विचारता सुरू केलेली गोळी बहुतेक वेळा ड्रॉवरमध्येच राहते. त्याला एकट्याला डॉक्टरांशी बोलू द्या. काय सुधारलं तर औषध उपयोगी पडलं म्हणायचं, हे त्यालाच ठरवू द्या. परीक्षेच्या आदल्या रात्री मित्राने एक गोळी मागितली तरी ती देणं अमेरिकेत गुन्हा आहे, हेही स्पष्ट सांगा.

उन्हाळ्यात पुण्याला जाणार असाल तर आत्ताच डॉक्टरांशी बोलून घ्या. अ‍ॅम्फेटामिनची अ‍ॅडरॉलसारखी औषधं भारतात मिळत नाहीत. गोळ्या मूळ बाटलीत ठेवा, प्रिस्क्रिप्शन आणि डॉक्टरांचं पत्र हाताशी असू द्या, आणि किती गोळ्या नेता येतील ते निघण्याआधी भारतीय वाणिज्य दूतावासाकडे विचारून घ्या.