नऊ हजार पौंडांचा वकील आणि मिरजेचा प्लॉट

रेडिंगहून एका ताईंचं पत्र आलं आहे. मिरजेत बीएस्सी नर्सिंग झालेलं. नवरा आयटीत, त्याच्या व्हिसावर इंग्लंडला आल्या, केअर होममध्ये काम धरलं आणि एकीकडे तिथल्या नर्सिंग नोंदणीची तयारी सुरू ठेवली. मग दोन तक्रारी झाल्या. एका रात्री औषध न देताच दिल्याची सही केली, ही पहिली. एका आजींवर ओरडल्या, ही दुसरी. नोकरी गेली. अशा कामाला माणूस सुरक्षित आहे का ते तपासणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने, डीबीएसने, आठ आठवड्यांत म्हणणं मांडायला सांगितलं, तेव्हा ताईंनी स्वतःच अर्धं पान लिहून पाठवलं. पाच आठवड्यांपूर्वी पत्र आलं की त्यांचं नाव प्रौढांच्या बार्ड लिस्टमध्ये, म्हणजे आजारी-वृद्धांची सेवा करायला मनाई असलेल्यांच्या यादीत, घातलं आहे. सॉलिसिटर अपिलाचे ९,००० पौंड मागतो. शिल्लक १६,००० पौंड, त्यातूनच मिरजेच्या प्लॉटचा हप्ता जायचा आहे. त्या विचारतात, "लढू, की सोडून देऊ? गरज पडली तर बांगड्या मोडायची तयारी आहे."

ताई, मी वकील नाही, म्हणून आधी पैशांचंच बोलतो.

केअर होममधली तीच नोकरी परत मिळावी एवढ्यासाठी लढणार असाल, तर हिशेब जुळत नाही. केअररचा पगार आणि सुपरमार्केटचा पगार यांत फारसं अंतर नसतं. पण तुम्ही नर्स आहात. २०२५-२६ च्या किमान वेतनाने, तासाला १२.२१ पौंड धरून, आठवड्याला साडेसदतीस तासांचे वर्षाला साधारण २३,८०० होतात. एनएचएसमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत, नव्या नर्सचा पगारगट, बँड ५, त्याच वर्षी ३१,०४९ पासून सुरू होतो. फरक ७,२०० चा. कर आणि नॅशनल इन्शुरन्स जाऊन हातात ५,२०० च्या आसपास. म्हणजे जिंकलात आणि नोंदणीही पार पडली, तर वकिलाचे पैसे पावणेदोन वर्षांत वसूल. उलट नाव यादीत राहिलं, तर पंचविशी ओलांडलेल्यांना फेरविचार मागण्यासाठी किमान १० वर्षं थांबावं लागतं. मधल्या काळात ठोस नवी माहिती हाती आली तर डीबीएसला आधीही विचारता येतं, पण त्या भरवशावर करिअर आखू नका.

म्हणजे मोल आहे. प्रश्न शक्यतेचा आहे, आणि इथे तुमच्या दोन तक्रारी वेगळ्या करायला हव्यात. अपील अपर ट्रायब्युनल या वरच्या न्यायाधिकरणाकडे जातं आणि तिथे दोनच गोष्टी चालतात: डीबीएसची कायद्याची चूक किंवा वस्तुस्थितीची चूक. "एवढी शिक्षा जास्त झाली" हे म्हणणं एकट्याने चालत नाही. यादीत घालणं योग्य की अयोग्य हा निर्णय कायद्याने डीबीएसकडे ठेवला आहे. ओरडल्याचं तुम्ही स्वतःच मान्य केलंय, तिथे फार हाती लागणार नाही. पण औषधाच्या रात्री आपली ड्यूटीच नव्हती, असं तुम्ही पत्राच्या तळाशी, जवळजवळ कंसात, लिहिलंय! खरं तर तीच ओळ सगळ्यात वर हवी होती. रोटा, म्हणजे ड्यूटीचा तक्ता, तसं दाखवत असेल, तर ती वस्तुस्थितीची चूक आहे. शिवाय ट्रायब्युनल तुमची तोंडी साक्ष ऐकून स्वतः निष्कर्ष काढू शकतं, हे कोर्ट ऑफ अपीलने २०२४ मध्ये मान्य केलंय.

म्हणून पहिलं काम फुकटचं. जुन्या मालकाकडे आजच लेखी अर्ज करा की माझी सगळी माहिती द्या: रोटा, औषधांचा तक्ता, चौकशीचे कागद. एका महिन्यात द्यावी लागते, फी नाही. अपिलाची मुदत पत्र पाठवल्याच्या तारखेपासून तीन महिने, त्यातले पाच आठवडे गेलेत.

९,००० एकदम देऊ नका. आधी परवानगी मागावी लागते, ती मिळाली तरच पूर्ण सुनावणी. मग पैसेही तसेच द्या: आधी फक्त कागद वाचून मत आणि परवानगीचा अर्ज, ठरलेल्या रकमेत. टप्प्याने घेत नसेल तर दुसरा सॉलिसिटर बघा. ट्रायब्युनलची फी नाही. हरलात तरी समोरच्याचा खर्च सहसा अंगावर येत नाही. पण जिंकलात तरी तुमच्या वकिलाचे पैसे परत मिळत नाहीत. हे सॉलिसिटरने सांगितलं का?

लीगल एड, म्हणजे वकिलासाठी सरकारी मदत, या कामाला मिळते, पण नवऱ्याचं उत्पन्नही धरतात आणि महिन्याला २,६५७ पौंडांच्या वर गेलात की दार बंद. तुमचं बंद आहे. युनियनचं सभासदत्व होतं का, आणि घराच्या विम्यात कायदेशीर खर्चाचं कलम आहे का, ते मात्र आज रात्री तपासा.

अपील चालू असतानाही नाव यादीतच राहतं. ओळखीतल्या कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर "आमच्या आईला आंघोळ घालायला येशील का, रोखीत देऊ" म्हटलं, तर साफ नाही म्हणा. तो गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद. स्वतःच्या सासूबाईंचं करायला कुणाची ना नाही.

१६,००० मधले सहा महिन्यांच्या घरखर्चाचे पैसे आधी बाजूला काढा. पहिला टप्पा उरलेल्यातून भागेल. परवानगी मिळाली, तर प्लॉटवाल्याला हप्ता पुढे ढकलायला सांगा. मुदतवाढीचा दंड किती, ते करारात बघून मला कळवा. बांगड्या लॉकरमध्येच राहू द्या.