सही मागे घेता येते, पण कुठवर?

प्रश्न: मी मूळचा पुण्याचा, सध्या न्यू जर्सीत. २०२१ मध्ये अमेरिकन नागरिक झालो. डिसेंबर २०२३ मध्ये पुण्यात वैदिक पद्धतीने लग्न झालं. बायको तेव्हा इथेच एच-१बीवर (नोकरीच्या व्हिसावर) नोकरी करत होती. २०२४ च्या अखेरीस आम्ही आय-१३० (बायकोसाठीचं माझं पिटिशन) आणि आय-४८५ (तिचा ग्रीन कार्डाचा अर्ज) एकत्र भरले. त्या वर्षी माझ्या धंद्याचं उत्पन्न कमी होतं, म्हणून थोरल्या भावाने जॉइंट स्पॉन्सर (सह-हमीदार) म्हणून वेगळा आय-८६४ (आर्थिक हमीचा फॉर्म) भरला. पुढे लेऑफमध्ये तिची नोकरी गेली. आता ती वर्क परमिटवर दुसऱ्या कंपनीत आहे. मार्चपासून ती टेक्सासमध्ये मैत्रिणीकडे राहते. परत येणार नाही असं तिने स्पष्ट सांगितलंय आणि खरं सांगायचं तर मलाही आता नकोय. पुढच्या महिन्यात मुलाखत आहे. आई म्हणते, सगळं मागे घे आणि ‘ग्रीन कार्डासाठीच लग्न केलं’ असं लिहून दे. मित्र म्हणतो, मुलाखतीला गुपचूप जाऊन ये, कार्ड येऊ दे, दोन वर्षांनी सही करू नकोस; शिवाय घटस्फोट झाला की तुझी जबाबदारी संपतेच. काय करू?

उत्तर: नमस्कार. सुरुवात मित्राच्या सल्ल्यापासून करते, कारण तुमचं सगळ्यात मोठं नुकसान त्यानेच होईल.

लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत ग्रीन कार्ड मंजूर झालं तर ते दोन वर्षांचं, सशर्त मिळतं. मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत नवरा-बायकोने मिळून आय-७५१ (कार्डावरची अट काढण्याचा अर्ज) भरायचा असतो. मित्राने एवढंच ऐकलेलं दिसतं. पण लग्न खऱ्या मनाने केलं होतं आणि नंतर घटस्फोट झाला, असं दाखवता आलं तर बायको हा अर्ज एकटी भरू शकते. तुमच्या सहीवाचून तिचं काहीही अडत नाही. तुमचं मात्र अडतं. तिला सशर्त का होईना कार्ड मिळालं, की त्याच दिवशी तुम्ही आणि तुमचे भाऊ आय-८६४ मध्ये बांधले जाता आणि मग कितीही पत्रं लिहिलीत तरी त्यातून सुटका नाही.

मुलाखतीत अधिकारी शपथ देऊन पहिल्या पाच मिनिटांत विचारतो, ‘एकत्र राहता का?’ मार्चपासून ती टेक्सासात आहे हे लपवलंत तर ते शपथेवर बोललेलं खोटं ठरतं. तुम्ही आज ज्या अडचणीत आहात ती दिवाणी स्वरूपाची आहे. तिला फौजदारी करून घेऊ नका.

आता आय-८६४ म्हणजे नेमकं काय, ते समजून घ्या. भरताना बहुतेक जण ‘उत्पन्नाचा फॉर्म’ म्हणून तो भरतात, सोबत टॅक्स रिटर्न जोडतात आणि विसरून जातात. तो तुमचा अमेरिकन सरकारशी केलेला करार आहे, आणि ज्या व्यक्तीसाठी तो केला ती व्यक्ती त्याच्या आधारे स्वतः तुमच्यावर दावा लावू शकते. तिचं उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्क्यांखाली जाणार नाही याची हमी त्यात असते. २०२५ च्या आकड्यांनुसार, अलास्का आणि हवाई सोडून, एका माणसासाठी ती रेषा १५,६५० डॉलरची आहे, म्हणजे हमी वर्षाला साधारण १९,५६० डॉलरची. ती जोवर आयटीत पगार कमावते आहे तोवर तुमच्या खिशातून काही जाणार नाही, कारण भरायचा तो फक्त फरक. पण लेऑफ काय असतो ते तुम्ही दोघांनीही पाहिलंय. आणि काम शोधायची धडपड तिने केलीच पाहिजे असंही नाही. शिकागोच्या सातव्या सर्किटच्या अपील कोर्टाने २०१२ मध्ये तसा निकाल दिलेला आहे.

ही हमी ती नागरिक झाली, तिच्या खात्यात कामाच्या ४० तिमाह्या जमा झाल्या (म्हणजे साधारण दहा वर्षं), ती कायमची देश सोडून गेली आणि तिचा रहिवासाचा दर्जा संपला, किंवा दोघांपैकी एकाचा मृत्यू झाला, की संपते. या यादीत घटस्फोट कुठेच नाही. हे वाक्य मी आजवर इतक्या लोकांना सांगितलंय की आता छापूनच ठेवावं म्हणते. पोटगी हा निराळा विषय. कोर्टाने पोटगी नाकारली तरी ही हमी तिच्या जागी उभीच असते. लग्नाआधी ‘एकमेकांकडून काही घेणार नाही’ असा करार केला असला, तरी त्याने ती पुसली जात नाही, असं नवव्या सर्किटने २०१६ मध्ये म्हटलं आहे.

तर आता तुमचा मूळ प्रश्न. हो, मागे घेता येतं. तिच्या आय-४८५ वर निर्णय होईपर्यंत तुम्ही आय-१३० आणि आय-८६४ दोन्ही लेखी मागे घेऊ शकता. आय-१३० आधीच मंजूर झालेला असला तरी चालतं. जोवर त्याच्या आधारे कार्ड दिलेलं नाही तोवर तुमचं पत्र पोचलं की तो रद्द होतो. मुलाखत पुढच्या महिन्यात आहे, म्हणजे तुमच्या हातात असलेला काळ हाच. ‘मी मुलाखतीला गेलोच नाही तर आपोआप बंद होईल’ या भरवशावर राहू नका. तुमची सही फाइलमध्ये जिवंत ठेवून गैरहजर राहणं म्हणजे दार उघडं टाकून गावाला जाणं.

पण पत्र पाठवण्याआधी एक लक्षात घ्या. मागे घेतलेलं पिटिशन परत पुढे करता येत नाही. आठवड्याने समेट झाला आणि ‘ते पत्र रद्द समजा’ असं कळवलंत, तर उपयोग नाही. सगळं नव्याने भरावं लागेल, फी सकट. (आधी भरलेली फीही परत मिळत नाही. कागदी आय-१३० चे ६७५ डॉलर आणि आय-४८५ चे १,४४० डॉलर गेले ते गेले.) माझ्याकडे असे नवरे येतात ज्यांनी रात्री अकराला भांडण झाल्यावर पत्र लिहिलं आणि सकाळी पोस्टात टाकलं. आणि असेही येतात जे दोन वर्षं रोज ‘पेपर काढून घेईन’ म्हणून धाक घालत राहिले. दुसऱ्या प्रकाराबद्दल जरा स्पष्ट बोलते. देशाबाहेर घालवण्याची धमकी देऊन जोडीदाराला ताब्यात ठेवणं हे इमिग्रेशनच्या कायद्यात क्रौर्याचं एक लक्षण म्हणून पाहिलं जातं. तुम्ही तसं काही केलंय असं तुमच्या पत्रातून दिसत नाही. पण व्हॉट्सॲपवर रागाच्या भरात काय काय लिहिलंय, ते एकदा स्वतः वाचून पाहा. मेसेज पुसू मात्र नका.

कारण तुम्ही मागे घेतलं म्हणजे तिचे सगळे रस्ते बंद झाले, असं होत नाही. नागरिक जोडीदाराने मारहाण किंवा टोकाचं क्रौर्य केलं असेल तर १९९४ च्या महिला अत्याचारविरोधी कायद्याखाली ती स्वतःचं पिटिशन आय-३६० वर स्वतःच भरू शकते, घटस्फोटानंतरही दोन वर्षांपर्यंत. नावात महिला असलं तरी तो कायदा पुरुषांनाही लागू आहे. असं पिटिशन भरलंय की नाही हे सरकार तुम्हाला कळवणार नाही, आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याच्या एकट्याच्या सांगण्यावरून तिच्याविरुद्ध निर्णयही घेता येत नाही. त्या मार्गाने तिला कार्ड मिळालं तर तिथे आय-८६४ लागत नाही, म्हणजे तुमच्यावर पैशाचा भार येत नाही.

असं काही नसेल, तर तुमच्या पत्राने तिचा आय-४८५ पडेल आणि त्यावर उभं असलेलं वर्क परमिटही जाईल. तिने एच-१बी जिवंत ठेवला असता तर आज तिला फार धक्का लागला नसता. ‘वर्क परमिट आलंय, आता व्हिसा कशाला’ म्हणून तो सोडून देणाऱ्यांना मी दर वेळी टोकते. अर्ज नाकारला गेल्यानंतर ती कोणत्याही दर्जाशिवाय १८० दिवसांहून जास्त राहिली आणि मग देशाबाहेर गेली तर तीन वर्षं, आणि वर्षभर राहून गेली तर दहा वर्षं तिला परत येता येणार नाही. देश सोडण्याच्या कारवाईची नोटीसही निघू शकते. म्हणून माझं म्हणणं असं की पत्र पाठवण्याआधी तिला कळवा. कायदा तुमच्याकडून हे मागत नाही. मी मागते. दोन-तीन आठवडे हातात मिळाले तर ती वकील गाठेल, कंपनीशी नव्या एच-१बीबद्दल बोलेल. तुमचं त्यात काही जात नाही, फक्त मुलाखतीच्या तारखेआधी पत्र पोचलं पाहिजे, तेवढा हिशोब ठेवा.

आता आईंचं म्हणणं. त्यांचा राग मी समजू शकते, पण तुमच्या पत्रात ‘खोटं लग्न’ हे शब्द येऊ देऊ नका. लग्न खोटं होतं का, हे ठरवताना कायदा लग्नाच्या दिवशीचा हेतू बघतो. नंतर पटलं नाही, ती निघून गेली, यावरून लग्न खोटं ठरत नाही. तुम्ही वर्षभराहून जास्त एका घरात राहिलात, दोघांनी मिळून कागद भरले. आता उलटं लिहिलंत तर पहिला प्रश्न तुम्हालाच विचारला जाईल: आय-१३० वर सगळं खरं आहे म्हणून सही केली होतीत, ती खोटी होती का? इमिग्रेशनसाठी खोटं लग्न करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो, आणि त्यात नागरिकही येतो. शिवाय असा ठपका एकदा बसला की त्या व्यक्तीसाठी पुढे दुसऱ्या नवऱ्याने किंवा कंपनीनेही भरलेलं पिटिशन मंजूर होत नाही. तुमच्याकडे खरोखर पुरावा असता तर मी वेगळं बोलले असते. तुमच्या पत्रात राग आहे, पुरावा नाही.

पत्र चार ओळींचं पुरे. तुमचं आणि तिचं पूर्ण नाव, जन्मतारखा, आय-१३० आणि आय-४८५ चे पावती क्रमांक, तिचा ए-नंबर (इमिग्रेशन खात्याने दिलेला तिचा फाइल क्रमांक), आणि मी अमुक तारखेचा आय-१३० आणि त्यासोबतचा आय-८६४ मागे घेत आहे, एवढं वाक्य. दोन्ही फॉर्मांची नावं स्पष्ट लिहा. कारण द्यायचंच असेल तर ‘लग्नसंबंध संपुष्टात आले आहेत’ इतकंच. हाताने सही करा. केस आता ज्या ऑफिसमध्ये आहे, म्हणजे मुलाखतीच्या पत्रावर ज्याचा पत्ता आहे तिथे, पोचपावती मिळेल अशा टपालाने पाठवा आणि प्रत जपून ठेवा. पुढे कधी दुसऱ्या जोडीदारासाठी पिटिशन भरलंत तर ही जुनी फाइल निघेलच, तेव्हा आज जे लिहाल ते दहा वर्षांनीही सरळ वाचता येईल असं लिहा. एकदा मागे घेतलंय म्हणून पुढचं पिटिशन अडत नाही.

ज्या वकिलांनी तुमची केस भरली त्यांच्याकडे या कामासाठी जाऊ नका. नवरा-बायकोच्या केसमध्ये बहुधा एकच वकील दोघांचाही असतो. आता तुमचं हित आणि तिचं हित वेगळं झालंय, त्यामुळे ते तुमच्यासाठी तिच्याविरुद्ध पत्र लिहू शकत नाहीत. तुमचा वकील वेगळा असावा, तिचाही.

घटस्फोटाबद्दल थोडक्यात. दोघांपैकी एक जण न्यू जर्सीत वर्षभर राहत असेल आणि सहा महिने मतभेद मिटण्यापलीकडे गेले असतील, तर तिथल्या कोर्टात कुणाचीही चूक न दाखवता घटस्फोट मिळतो. पण तुमचं लग्न पुण्यातलं, हिंदू विवाह कायद्याखालचं. त्या कायद्यात नसलेल्या कारणावर, समोरच्याच्या सहभागाशिवाय परदेशात घेतलेला घटस्फोट भारतात मानला जाणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच सांगितलंय. म्हणून एकतर्फी हुकूम घेऊ नका. ती संमतीने सामील झाली तर न्यू जर्सीचा हुकूम दोन्हीकडे टिकण्याची शक्यता चांगली. नाहीतर पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात कलम १३ बी खाली दोघांच्या सहमतीने अर्ज करा. त्यासाठी वर्षभर वेगळं राहिलेलं लागतं. अर्ज केल्यानंतरची सहा महिन्यांची मुदत न्यायालय माफ करू शकतं, असा २०१७ चा निकाल आहे.

भावांनीही स्वतःच्या सहीचं वेगळं पत्र आजच लिहायला घ्यावं. तुमचं पिटिशन गेलं की त्यांचा आय-८६४ तसाही निराधार होतो, पण जॉइंट स्पॉन्सर पूर्ण रकमेला जबाबदार असतो, निम्म्याला नाही, आणि ते स्वतः न लिहिता तुमच्या पत्रावर विसंबून राहावेत असं मला वाटत नाही.

आणि तिच्या नावाची टपालं अजून तुमच्या घरी येत असणार, त्यात इमिग्रेशनचीही. ती उघडू नका, अडवू नका. दुसऱ्याचं टपाल दाबून ठेवणं इथे फेडरल गुन्हा आहे. पाकीट आलं की फोटो काढून तिला पाठवा आणि पाकीट तिच्या नवीन पत्त्यावर पाठवून द्या. तिचा पासपोर्ट किंवा डिग्रीची कागदपत्रं तुमच्या कपाटात राहिली असतील तर तीही याच आठवड्यात पाठवा, पोचपावतीसह.